निर्णय चांगला होता की नशीब चांगलं होतं?

पाऊलवाट

ओळखीतल्या दोघांबद्दल सांगतो. दोघांनी साधारण एकाच सुमारास नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पहिल्याने राहतं घर गहाण टाकलं, कुणाला विचारलं नाही, हिशेब कागदावर मांडण्याच्या फंदात पडला नाही. धंदा चालला. आता लोक त्याच्याकडे सल्ला मागायला जातात. दुसऱ्याने वर्षभराच्या घरखर्चाची सोय बाजूला काढली, त्याच क्षेत्रातल्या चार जणांना जाऊन भेटला, किती तोटा झाला की थांबायचं हेसुद्धा आधीच ठरवलं. पुढे त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईकच बुडालं आणि ठरलेल्या जागी तो थांबला. त्याला काय ऐकावं लागतं? "चांगली नोकरी होती, कुठून दुर्बुद्धी सुचली!"

माझ्या मते पहिल्याचा निर्णय वाईट आणि दुसऱ्याचा चांगला. पण हे बोललो की समोरचा "तुमचं काहीतरीच" म्हणून विषय बदलतो.

१९८८ साली जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या दोन अभ्यासकांनी नेमकी हीच गोष्ट तपासली होती. त्यातलं एक उदाहरण असं: ५५ वर्षांचा माणूस, छातीत दुखतं म्हणून काम सुटलेलं. बायपास केली तर दुखणं थांबेल आणि अपेक्षित आयुष्य ६५ वरून ७० पर्यंत जाईल. मात्र १०० पैकी ८ जण शस्त्रक्रियेतच दगावतात. डॉक्टर शस्त्रक्रिया करायचं ठरवतात. या गोष्टीचे दोन शेवट लिहिले होते, एकात रुग्ण वाचतो, दुसऱ्यात जातो. ठरवताना डॉक्टरांपुढे असलेली माहिती दोन्हीकडे तंतोतंत सारखी. तरी रुग्ण गेला की लोक डॉक्टरांच्या निर्णयाला कमी गुण देतात.

तर प्रश्न असा: निकाल बाजूला ठेवला तर निर्णय चांगला की वाईट हे ओळखायचं कशावरून? आणि निर्णय घेतानाच ते कळण्याची काही सोय आहे का?

शेवटचा_बाक

हे सगळं हरलेल्यांचं तत्त्वज्ञान वाटतंय. हलकं घ्या. :) पण जगात गुण निकालालाच मिळतात, पद्धतीला कोण विचारतो?

पाऊलवाट

@शेवटचा_बाक, एक माणूस पिऊन गाडी चालवतो आणि सुखरूप घरी पोहोचतो. निकाल उत्तम. त्याचा निर्णय चांगला होता म्हणाल?

शेवटचा_बाक

बरं, हा मुद्दा मान्य. पण मग उद्या कुणीही उठेल आणि "माझी पद्धत बरोबर होती, नशीब आडवं आलं" म्हणून हात झटकेल. आमच्या साहेबांचं हेच चालू असतं. दर वेळी परिस्थिती प्रतिकूल.

गणिती

दोघांचंही बरोबर आहे, फरक किती निर्णयांबद्दल बोलतोय याचा आहे.

समजा फासा टाकायचा आहे. एक आला तर तुम्ही हरता, बाकी काहीही आलं तर जिंकता, दोन्हीकडे रक्कम तेवढीच. ही पैज घ्यावीच. तुम्ही घेतली आणि एक आला. निर्णय चुकला का? नाही. पण हीच पैज साठ वेळा खेळून तुम्ही तीस वेळा हरलात, तर मात्र नशिबाला बोल लावू नका, फासा उचलून तपासा. तो खोटा असेल किंवा तुमचा अंदाज खोटा असेल. साहेबांना हेच लागू आहे. एकदा परिस्थिती आडवी येते, कायम येत नाही.

दुसरी गोष्ट पाऊलवाट यांच्या उदाहरणात लपली आहे. सहापैकी पाच वेळा जिंकण्याची पैजसुद्धा सर्वस्व पणाला लावून घेतली तर वाईटच. शक्यता चांगली असणं वेगळं आणि हरलो तर पुन्हा खेळायला उरतो का हे वेगळं. पहिल्या गृहस्थांनी घर लावलं होतं. दुसरे हरले, पण शिल्लक राहिले. तुमच्याशी सहमत आहे ते या कारणाने. चार जणांना भेटले याला मी फारसं महत्त्व देणार नाही, चार जण भेटतात तेव्हा बऱ्याचदा पाचवं मत तयार होतं इतकंच.

उलटतपासणी

छान चर्चा. निकालावरून निर्णय जोखण्याचा तोटा फक्त "बिचाऱ्याला उगाच बोल लागतो" एवढाच असता तर मी इथे लिहिलं नसतं. खरा धोका उलट बाजूने आहे. वाईट निर्णय निभावून जातो आणि लोक त्यालाच धडा समजतात.

नासाच्या चॅलेंजर अंतराळयानाचं उदाहरण सगळ्यांना वरवर माहीत असतं. २८ जानेवारी १९८६, उड्डाणानंतर ७३ सेकंदांत सात जण गेले. यान वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली, वायू अडवणारी रबरी ओ-रिंग थंडीने कडक झाली आणि तप्त वायू बाहेर आला. पण आदल्या रात्री काय झालं ते बारकाईने बघण्यासारखं आहे.

बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते आणि नासाचे अधिकारी यांची दूरध्वनीवर बैठक झाली. अभियंत्यांचं म्हणणं होतं की ५३ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १२ सेल्सिअस) खाली उडवू नका, कारण तोवरचं सगळ्यात थंड उड्डाण त्या तापमानाचं होतं आणि त्यात रिंगांची बरीच हानी दिसली होती. नासाकडून जोरदार हरकत आली. कंपनीने पाच मिनिटं मागून घेतली, ती अर्ध्या तासावर गेली. त्या अर्ध्या तासात एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. टोपी बदलली, शिफारसही बदलली.

मला यात तीन गोष्टी दिसतात. पहिली: आधीच्या उड्डाणांतही रिंगा झिजल्या होत्या, पण यानं सुखरूप परतली होती. त्यामुळे "झीज होते" या धोक्याच्या खुणेचं हळूहळू "एवढी झीज चालते" असं झालं. प्रत्येक सुखरूप उड्डाणाने चुकीचा विश्वास वाढवला. दुसरी: तापमान आणि झीज यांचा संबंध शोधताना ज्या उड्डाणांत हानी झाली तेवढीच पुढे ठेवली गेली. तेवढी पाहिली तर उबदार दिवशीही हानी, थंड दिवशीही हानी, मग संबंध कुठे? हानी न झालेली उड्डाणं त्यात मिळवली की चित्र पार बदलतं. साधारण ६५ अंश फॅरनहाइटच्या वरच्या उड्डाणांपैकी मोजक्याच उड्डाणांत हानी, आणि त्याखालच्या प्रत्येक उड्डाणात. आकडे सगळे हाताशी होते.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एरवी "सुरक्षित आहे हे सिद्ध करा, मग उडवू" असा रिवाज असायचा. त्या रात्री अभियंत्यांनाच "असुरक्षित आहे हे सिद्ध करा" म्हटल्यासारखं झालं. सिद्ध करण्याची जबाबदारी कुणाच्या गळ्यात आहे, यावरच पुष्कळ निर्णय बैठकीआधी ठरून गेलेले असतात. आपल्या घरातसुद्धा बघा, "का करायचं?" असं विचारलं जातं की "का नाही करायचं?"

वजाबाकी

+१. टोपीचा किस्सा माहीत होता, वगळलेल्या उड्डाणांचं माहीत नव्हतं.

पेन्सिल

@पाऊलवाट, "घेतानाच कळण्याची सोय" विचारलीत म्हणून लिहिते. मी एक वही ठेवते. मोठा निर्णय असला की घेण्याआधी चार ओळी: काय ठरवतेय, का, काय होईल असं वाटतंय, आणि किती खात्री आहे. खात्री आकड्यात लिहायची, दहापैकी सहा, दहापैकी नऊ. "बहुतेक" लिहिलं तर नंतर आपणच त्याचा सोयीचा अर्थ काढतो. आणि शेवटी तारीख.

याचं कारण आपली स्मरणशक्ती फार लबाड असते. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेले, त्याआधी बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी विद्यार्थ्यांना विचारून ठेवलं की अमुक घडेल, तमुक घडेल याची शक्यता किती वाटते. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, तेव्हा तुम्ही किती शक्यता सांगितली होती? जे घडलं होतं त्याला आपण आधीपासूनच जास्त शक्यता दिली होती असं बऱ्याच जणांना आठवलं. कुणी खोटं बोलत नव्हतं. आठवणच निकालाला जुळवून घेते.

वहीचा मला झालेला फायदा मात्र वेगळाच निघाला. "का" या ओळीत काय लिहायचं ते सुचत नाही तेव्हा कळतं की निर्णय आधीच झालाय, आता फक्त कारणं गोळा करतेय. दुसऱ्याच्या बाबतीत हे आपल्याला दोन मिनिटांत दिसतं.

सांजसावली

वहीवरून आठवलं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ मध्ये शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. प्रीस्टलींना एका लॉर्डकडून नोकरीचं बोलावणं आलं होतं, जावं की न जावं कळेना. फ्रँकलिन म्हणाले, पुरेशी माहिती नसल्यामुळे काय ठरवा ते मी सांगू शकत नाही, कसं ठरवा ते सांगतो. कागदावर मधोमध रेघ, एका बाजूला अनुकूल मुद्दे, दुसरीकडे प्रतिकूल. तीन-चार दिवस जसजसं सुचेल तसं लिहीत जायचं. मग सारख्या वजनाचे मुद्दे समोरासमोर खोडायचे. इकडचा एक तिकडच्या दोनांइतका भारी असेल तर तिन्ही खोडा. उरेल तिकडे तागडं.

प्रीस्टलींनी नोकरी घेतली आणि तिथे असतानाच १७७४ मध्ये ऑक्सिजन वेगळा केला. (निकालावरून निर्णय जोखायचा नाही, माहीत आहे! पण सांगितल्याशिवाय राहवेना.)

या पद्धतीतली मला आवडलेली गोष्ट म्हणजे रेघ नाही, ते तीन-चार दिवस. एका बैठकीत यादी केली की त्या वेळचा मूडच कागदावर उतरतो. रागात असलो की एक बाजू आपोआप लांबते.

आणि यादी करूनही माणूस माणूसच राहतो. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ मध्ये लग्न करावं की नाही याची अशीच दोन रकान्यांची यादी केली होती. न करण्याच्या बाजूला वाचायला वेळ मिळणार नाही, नातेवाईकांकडे जावं लागेल, पुस्तकांना पैसे उरणार नाहीत. करण्याच्या बाजूला म्हातारपणी सोबत, आणि "कुत्र्यापेक्षा बरं" अशा अर्थाचंही काहीतरी. बेरीज-वजाबाकी न करताच खाली निष्कर्ष: लग्न, लग्न, लग्न! पुढच्या जानेवारीत लग्न झालंसुद्धा.

शेवटचा_बाक

बघा, डार्विनने शेवटी मनाचंच ऐकलं ना. मी कायम आतल्या आवाजाचं ऐकतो. यादी करणाऱ्यांपेक्षा माझं काही वाईट चाललेलं नाही.

टोकदार

आतला आवाज म्हणे. इस्रायलमधल्या पॅरोल मंडळांचा, म्हणजे कैद्यांना मुदतीआधी सोडायचं का ते ठरवणाऱ्या मंडळांचा, २०११ चा अभ्यास वाचा. सत्राच्या सुरुवातीला जवळपास ६५ टक्के अर्ज मंजूर, जेवणाच्या सुट्टीआधी जवळजवळ शून्य. सुट्टीनंतर पुन्हा वर. अनुभवी न्यायाधीशांचा आतला आवाज पोटातून येत होता.

गणिती

@टोकदार, तो अभ्यास आहे खरा, आकडेही तेच आहेत, पण जरा जपून. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात त्यावर आक्षेप छापून आला. अर्ज कोणत्या क्रमाने पुढे यायचे ते यादृच्छिक नव्हतं. वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणं बहुतेक सुट्टीच्या अगदी आधी यायची, आणि वकील नसेल तर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मुळातच जास्त. म्हणजे भूक हे एकमेव कारण म्हणता येत नाही. गोष्ट इतकी चटकदार आहे की सगळे पहिला भागच सांगतात.

थकल्या-भुकेल्या अवस्थेत महत्त्वाचं काही ठरवू नये, यावर माझा आक्षेप नाही. पण त्याला या अभ्यासाची गरज नाही.

टोकदार

हे माहीत नव्हतं. आक्षेप शोधून वाचतो.

उलटतपासणी

@शेवटचा_बाक, आतल्या आवाजाला मी सरसकट नाही म्हणणार नाही. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी आग विझवणाऱ्या पथकांच्या प्रमुखांचा अभ्यास केला. ते म्हणायचे आम्ही निर्णय वगैरे घेतच नाही. परिस्थिती बघताक्षणी ओळखीची वाटते, पहिला सुचलेला उपाय मनातल्या मनात चालवून बघतात, अडकला नाही की तोच करतात. पर्यायांची तुलना वगैरे काही नाही, आणि ते बहुधा बरोबर ठरतात.

उलट दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांचं आयुष्य गेलं ते आतला आवाज कसा फसवतो हे दाखवण्यात. या दोघांनी भांडण्याऐवजी २००९ मध्ये एकत्र निबंध लिहिला. निष्कर्ष साधा आहे. ज्या कामात तेच ते नमुने पुन्हा पुन्हा येतात आणि आपण चुकलो की लवकर, स्पष्ट कळतं, तिथे मुरलेल्या माणसाच्या आतल्या आवाजावर भरवसा ठेवावा. या दोन्ही अटी नसतील तर खात्री कितीही वाटो, तिला किंमत नाही. बुद्धिबळ खेळणारा, भूल देणारा डॉक्टर पहिल्या गटात. शेअर निवडणारा, दहा वर्षांनंतरचं राजकारण सांगणारा दुसऱ्या.

आता तुमचा आवाज कोणत्या विषयावर बोलतोय ते बघा. रोजच्या कामातला अंदाज असेल तर ऐका. पण घर, लग्न, करिअर आयुष्यात किती वेळा निवडतो आपण? एकदा, दोनदा. तिथे सराव आला कुठून?

शेवटचा_बाक

दंडवत. माझा आवाज बहुतेक क्रिकेटवर बोलतो, त्याला पहिल्या गटात टाकू का?

काठावर

बरेच दिवस नुसती वाचत असते, आज लिहावंसं वाटलं कारण माझ्यासमोर हेच वाढून ठेवलंय.

पीएचडीचं पाचवं वर्ष संपत आलंय. फेलोशिप संपली. गाईड भेटतात तेव्हा "अजून एक प्रकरण हवं" म्हणतात आणि महिनोन्‌महिने मसुदा वाचत नाहीत. मध्येच एका कंपनीकडून नोकरीचं पत्र आलंय, काम आवडीचं आहे, पंधरा दिवसांत कळवायचंय. घरी आई म्हणते एवढी वर्षं घातलीस, आता कडेला आल्यावर सोडतेस? भाऊ म्हणतो गेलेली वर्षं विसर, ती काही परत येणार नाहीत. दोघांचंही पटतं. रात्री एक ठरवते, सकाळी दुसरं.

शेवटचा_बाक

नाणं उडवा. गंमत नाही करत. नाणं हवेत असताना कळतं आपल्याला काय हवंय ते.

गणिती

@शेवटचा_बाक, तुम्ही चेष्टेत बोललात आणि त्याला आधार निघाला. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी संकेतस्थळावर लोकांसाठी खरंच नाणी उडवली, वीस हजारांहून अधिक. नोकरी सोडू का, नातं तोडू का असल्या प्रश्नांवर. "बदल करा" असं नाणं म्हणालं त्यांनी बदल जास्त प्रमाणात केला, आणि मोठ्या निर्णयांत बदल करणारे सहा महिन्यांनी सरासरीने जास्त समाधानी निघाले. अर्थात जी माणसं नाण्यावर सोडायला तयार झाली ती आधीच काठावर होती. त्यामुळे सगळ्यांनी राजीनामे द्यावेत असा त्याचा अर्थ नाही.

@काठावर, तुमच्या भावाचं वाक्य अर्धं बरोबर आहे. गेलेली वर्षं हिशेबात धरायची नाहीत, कबूल. पण त्या वर्षांमुळे *उरलेलं काम* कमी झालं असेल तर ते धरायचं. "पाच वर्षं घातली म्हणून पूर्ण करते" हे चुकीचं कारण. "सहा महिन्यांत पदवी हातात येते आणि तिचा मला उपयोग आहे" हे योग्य कारण. स्वतःला असं विचारा: आज कुणी मला नव्याने म्हणालं की एवढं उरलेलं काम कर, एवढा वेळ दे, शेवटी पदवी मिळेल, तर मी घेईन का? पण त्यासाठी "एवढं" म्हणजे किती ते माहीत हवं. तुम्हाला ते माहीत आहे?

काठावर

नाही. हीच तर गोची आहे. एक प्रकरण म्हणजे सहा महिने की दोन वर्षं हे गाईड सांगत नाहीत आणि मला विचारायची भीती वाटते.

पेन्सिल

अगं, (अगं म्हटलं तर चालेल ना? वहिनीच्या वयाची असेन तुझ्या) मग तू नोकरी की पीएचडी यावर रात्री जागून काय होणार? ज्या आकड्यावर सगळं अडलंय तो तुझ्या डोक्यात नाहीच, तो गाईडच्या डोक्यात आहे. कितीही विचार केलास तरी तुझ्यातून तो निघणार नाही.

दुसरं, तू प्रश्न दोन टोकांत मांडलायस. मधलं बघितलंस का? आहे ती प्रकरणं घेऊन लहान थीसिस होतो का? विद्यापीठात सहगाईड घेता येतो का? नोंदणी चालू ठेवून नोकरी करता येते का, कंपनी रुजू व्हायची तारीख पुढे ढकलेल का? यातल्या एकाचं जरी उत्तर "हो" आलं तरी प्रश्नच बदलतो. "करू की नको" असा प्रश्न पडला की मी आधी तिसरा पर्याय शोधते. बऱ्याचदा तो नसतो, पण शोधताना पहिले दोन नीट दिसतात.

सांजसावली

काठावर, हेच तुझ्या मैत्रिणीचं झालं असतं तर तू काय सांगितलं असतंस? इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांचा २०१४ चा अभ्यास आहे की दुसऱ्याच्या अडचणीबद्दल आपण जास्त शहाणपणाने विचार करतो, स्वतःच्या बाबतीत कमी. आणि स्वतःकडे जरा लांबून, तिऱ्हाइतासारखं बघायला लावलं की हा फरक कमी होतो.

चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीचं उदाहरण याच जातीचं. १९८५ मध्ये मेमरी चिपच्या धंद्यात जपानी कंपन्यांनी त्यांना जेरीस आणलं होतं. पण कंपनी उभी राहिली ती मेमरीवरच, त्यामुळे सोडवत नव्हतं. कंपनी चालवणाऱ्या दोघांपैकी अँडी ग्रोव्ह यांनी गॉर्डन मूर यांना विचारलं, आपल्याला हाकलून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरी बंद करेल. मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊन ते का करू नये, असं ग्रोव्ह म्हणाले.

काठावर

मैत्रिणीला? "आधी गाईडना स्पष्ट विचार, घाबरतेस काय" असं म्हटलं असतं. लगेच. :(

उलटतपासणी

विचारण्याआधी आणखी एक करून बघा. क्लाइन यांचीच युक्ती. वर्षभर पुढे गेला आहात असं समजा आणि निवडलेला मार्ग पार फसलाय, हे गृहीत धरा. "फसेल का?" असं विचारायचं नाही. फसलाय, आता का फसला ते लिहायचं. नोकरी निवडली असं धरून एकदा, पीएचडी निवडली असं धरून एकदा. "काय चुकू शकतं" म्हटलं की मन स्वतःची समजूत काढत बसतं, "चुकलं, का चुकलं" म्हटलं की भराभर कारणं सुचतात. दोन्ही याद्यांत एकच कारण आलं तर ते निवडीवर अवलंबून नाही, त्यावर वेगळं काम करावं लागेल.

आणि दोन्हीपैकी कुठल्या दारातून परत फिरता येतं ते बघा. नोंदणी रद्द झाली तर पुन्हा मिळते का? आज नाकारलेल्या नोकरीसारखी दुसरी वर्षभराने मिळेल का? परत घेता येणारा निर्णय झटकन घ्यावा. वेळ घालवायचा तो न घेता येणाऱ्यावर. आपण नेमकं उलटं करतो, फोनचं मॉडेल निवडायला पंधरवडा आणि कर्जाच्या कागदावर सही दहा मिनिटांत.

वजाबाकी

फोनचं वाचून दचकलो. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी यावरच सांगितलंय ना, सगळ्यात चांगलं शोधत बसू नका, "पुरेसं चांगलं" म्हणजे काय ते आधी ठरवा आणि त्यात बसणारं पहिलं दिसलं की घ्या. फोनला लागू, पीएचडीला बहुतेक नाही.

टोकदार

मी थोडा विरोधी सूर लावतो. इतक्या युक्त्या एकदम सांगून तुम्ही तिला आणखी गोंधळात टाकताय. वही, रेघ, तिऱ्हाईत, फसलेलं वर्ष, दारं. मुळात तिला एका माणसाला एक प्रश्न विचारायचाय, आणि ते अवघड वाटतंय म्हणून बाकी सगळा विचार चाललाय. नुसताच विचार करत राहणं हासुद्धा एक निर्णयच, कंपनीचे पंधरा दिवस संपले की तो आपोआप झालेला असेल.

पेन्सिल

टोकदार, पहिल्यांदाच तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

पाऊलवाट

धागाकर्ता म्हणून एवढंच जोडतो: टोकदार म्हणतात ती भीती माझ्या मूळ प्रश्नाशीही जोडलेली आहे. निकालावरून आपल्याला शहाणं किंवा मूर्ख ठरवतील हे माहीत असलं की माणूस विचारायचंच टाळतो. न विचारता बिघडलं तर "गाईडनी वाट लावली", विचारून बिघडलं तर "स्वतःच ओढवून घेतलं".

काठावर

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांनी लिहितेय.

काल गाईडना ईमेल केली, भेटून बोलण्याचा धीर झाला नाही. दोनच प्रश्न विचारले: सध्याच्या तीन प्रकरणांवर सादर करता येईल का, आणि नाही तर नेमकं काय राहिलंय. कंपनीलाही विचारलं, त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबायची तयारी दाखवली. नोंदणी चालू ठेवून नोकरी करता येते, विद्यापीठाच्या कार्यालयातून कळलं, फक्त गाईडची संमती लागते. पेन्सिलताई, वहीत चार ओळी लिहिल्या. "किती खात्री" पुढे दहापैकी सहा.

फसलेल्या वर्षाचंही केलं. दोन्ही याद्यांत पहिलं कारण एकच आलं: "वेळेवर विचारलं नाही."

महिनाअखेरपर्यंत गाईडकडून उत्तर आलं नाही तर ते "नाही" समजायचं आणि नोकरी घ्यायची, असं ठरवलंय. "नंतर बोलू" आलं तरी "नाही"च समजायचं.

शेवटचा_बाक

आणि "हो" आलं तर?

काठावर

तर कंपनीकडे सहा महिन्यांची मुदत मागणार. ते नाही म्हणाले तर नोंदणी ठेवून रुजू होणार आणि शनिवार-रविवारी लिहिणार. आईला यातलं अजून काही सांगितलेलं नाही, ते आज संध्याकाळी.